झाडू कोणी उचलावा?

नगर जिल्ह्यातील एका लहानशा मंडळीच्या शिक्षकबंधूंचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांनी विचारलेला प्रश्न पाचसात ओळींचा आहे. परंतु त्याचे उत्तर आम्हांस सहजासहजी देता आले नाही, म्हणून त्याचा विचार येथे सर्व वाचकांसमक्ष करण्याचे योजिले आहे. हकीकत अशी की, मंडळीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांचा नातू मुंबईस परळ येथे राहून नोकरी करतो. सुटीच्या दिवशी सकाळी तो दादरच्या चौपाटीवर जातो, आणि दुसऱ्या पुष्कळ तरुणांबरोबर समुद्राने वाळूवर आणून टाकलेला कचरा गोळा करतो. त्याबद्दल त्यास कोणी दमडी देत नाही. नाताळात तो गावी आला, तेव्हा मंडळीच्या तरुणांनी मिळून बाजारतळ व ओढ्याचा काठ साफ करावा, अशी गोष्ट त्याने सभेत काढली. ती ऐकून आजोबा उठून उभे राहिले व म्हणाले, "माझ्या बापाने चावडीचा झाडू टाकला, त्या दिवशी आमच्या घरात गोड केलं होतं. तो झाडू तू फुकट उचलायला निघालास?" सभा तेथेच संपली. शिक्षकबंधू विचारतात, दोघांपैकी खरे कोणाचे?

आजोबा जुन्या वळणाचे आहेत, त्यांस नव्या काळाचे ज्ञान नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तसे म्हणणाऱ्याने चावडी कधी झाडलेली नाही, एवढेच आम्ही म्हणू. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी अद्याप अशी माणसे आहेत की, त्यांच्या आईबापांनी वतनाच्या नावाखाली सारे गाव झाडले, मेलेली जनावरे ओढली, सरकारी अंमलदार आला म्हणजे त्याच्या घोड्यापुढे धाव घेतली, आणि त्याबद्दल दारोदार हिंडून भाकर मागून आणली. प्रभूचे नाव घेतले म्हणून वेठ सुटली, असेही सर्वत्र झाले नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी आपल्या लोकांस मेलेली जनावरे ओढण्याचे सोडून द्या असे सांगितले. पुढील वर्षी त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक आणिले. आणि तरीही ती वतने कायद्याने नाहीशी होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. तेव्हा आजोबांनी झाडू पाहून तोंड फिरविले, ह्यात नवल कसले?

आता नातवाची बाजू. ती ऐकण्यापूर्वी प्रत्यक्ष पाहावी, म्हणून आम्ही एका सकाळी दादरास गेलो.

ज्यांनी मुंबई पाहिलेली नाही, त्यांच्या समजुतीसाठी सांगतो. विहार व पवई तलावांचे पाणी भरून वाहू लागले म्हणजे त्यातून मिठी नावाची नदी निघते. ती साकीनाका, कुर्ला ह्या दाट वस्त्यांतून सुमारे अठरा किलोमीटर वाट काढीत माहीमच्या खाडीस मिळते. वाटेत तिच्यात काय काय टाकले जाते हे सांगण्याची सोय नाही. ते सगळे समुद्रात जाते, आणि समुद्र, जो कोणाचे काही ठेवून घेत नाही, तो भरतीच्या लाटांबरोबर ते माहीम व दादरच्या वाळूवर परत आणून टाकतो. पावसाळ्यात तर वाळू दिसेनाशी होते. प्लास्टिकच्या पिशव्या, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल, एकेकट्या चपला, दात घासण्याचे ब्रश, आणि चिंध्या. ह्या चिंध्या सर्वांत कठीण. अर्धे लुगडे वाळूत रुतलेले असते. वरून वीतभर दिसते, ओढू गेले तर दोघातिघांस रेटा लावावा लागतो, आणि निघाले म्हणजे ओल्या वाळूसकट ते एखाद्या पोत्याएवढे जड भरते. हातमोजे घातलेली मुले वाकून हे सारे वेचीत होती. कोणी कॉलेजातील, कोणी बँकेतील, एक बाई आपल्या लहान मुलीस घेऊन आलेली. २०१७ साली एका विद्यार्थ्याने मोजक्या सोबत्यांसह ह्याच चौपाटीवर हे काम आरंभिले. त्यांच्या जथ्यास 'बीच प्लीज' असे नाव पडले आहे, आणि पुढे त्यांनी मिठीच्या काठीही हात घातला. त्याच्या आधी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह नावाच्या वकिलांनी असाच प्रारंभ केला होता. तेथे मार्च २०१८ मध्ये कासवाची पिले वाळूतून निघून समुद्राकडे जाताना लोकांनी पाहिली.

कोणी म्हणेल, भरती दिवसातून दोनदा येते. आज वेचलेले उद्या पुन्हा येणार. मग हा खटाटोप कशासाठी? ह्या आक्षेपावर आम्ही फार वेळ घालवीत नाही. घरातील केरही रोज पडतो. शिवाय जून २०१८ पासून महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी अमलात आली, तिच्यामागे किनाऱ्यांवर व तुंबलेल्या नाल्यांत लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला ढीग होता. २६ जुलै २००५ चा महापूर मुंबईकर अद्याप विसरलेले नाहीत. बंदी कितपत पाळली जाते, हे ज्याने त्याने आपल्या पिशवीत पाहावे.

आम्हांस त्या सकाळी दुसराच विचार पडला होता. मुले ज्या वाळूवर वाकली होती, तिच्या काठालाच चैत्यभूमी आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांच्या देहास ह्याच किनाऱ्यावर अग्नी दिला गेला. ज्यांनी आपल्या लोकांच्या हातून वेठीचा झाडू सोडविला, त्यांच्या समाधीच्या सावलीत ही पांढरपेशी मुले आपण होऊन झाडू घेऊन उभी होती. आजोबांनी हे पाहिले असते तर ते काय म्हणाले असते? संतापले असते, की क्षणभर थांबले असते? ती मुले कोणत्या जातीची होती, हे आम्ही विचारले नाही. पण ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यानेच येऊन केर उचलला, अशीही त्यांत असावीत, हे उघड आहे. त्यांच्या आजोबांनी ह्या कामास हात लावला असता तर त्यांस घरात घेण्यापूर्वी स्नान करावे लागले असते.

येथे ह्या प्रश्नाची गाठ आहे असे आम्हांस वाटते. घाण उचलणे हा अपमान नव्हे. आई मुलाचे करते, परिचारिका रोग्याचे करते, त्यांचा अपमान झाला असे कोणी म्हणत नाही. आणि शिष्यांच्या धुळीने भरलेल्या पायांपुढे घंगाळ घेऊन कोण बसला होता, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. अपमान ह्यात होता की, ते काम एकाच्या गळ्यात जन्मतः बांधले गेले आणि बाकीचे सगळे त्यातून जन्मतः सुटले. घाण सर्वांनी करावयाची, उचलावयाची मात्र एकानेच. आणि उचलतो म्हणून पुन्हा तोच घाणेरडा ठरवावयाचा! चावडीच्या झाडूत दोष होता तो हा.

ही व्यवस्था केवढी चिवट होती, ह्याचा एक दाखला कोकणातला आहे. अप्पासाहेब पटवर्धन हे जन्माने ब्राह्मण. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात राजबंदी असताना त्यांनी मागणे केले की, मला मैला साफ करण्याचे काम द्यावे. तुरुंगात नियम असा की, ते काम ठराविक जातीच्या कैद्यांनीच करावयाचे. मागणी नाकारली गेली, तेव्हा त्यांनी अन्न कमी करून सत्याग्रह मांडला. येरवड्यात बंदीत असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी त्या डिसेंबरात उपवास आरंभिला, आणि मग सरकारास विचार करणे भाग पडले. वाचकांनी ह्यातील विलक्षणपणा ध्यानात घ्यावा. काम मागणारा मनुष्य होता, काम पडलेले होते. तरी 'हे तुमचे काम नव्हे' म्हणून त्यास परत पाठविले गेले. एकाला त्या कामातून सुटता येत नव्हते, दुसऱ्याला त्यात शिरता येत नव्हते. आणि दोन्ही दारांना कुलूप एकच होते. त्या हिशेबाने पाहिले तर दादरच्या वाळूवर वाकलेली ती मुले, त्यांस कळत असो वा नसो, ते कुलूप हलवीत आहेत. ही नातवाची बाजू, आणि ती हलकी नाही.

परंतु एवढ्यावर थांबलो तर आम्ही आजोबांवर अन्याय करू. झाडूची थोरवी गाणाऱ्यांविषयी बाबासाहेबांनी १९४५ साली लिहिलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात फार कठोर शब्द वापरले आहेत. त्यांच्या टीकेचा रोख असा की, ज्यास दुसरे काम करण्याची मोकळीकच ठेवलेली नाही, त्यापुढे त्याच कामाचे स्तोत्र गाणे ही क्रूर थट्टा होय. हे आम्हांस अक्षरशः पटते. सेवा थोर आहे हे सांगण्याचा अधिकार सेवा करणाऱ्यास असेल. सेवा करून घेणाऱ्यास तो नाही. आमच्या मंडळ्यांतूनही असे उपदेश कधी कधी होतात, आणि ते बहुधा बसून केले जातात!

स्वयंसेवक म्हणजे कोण? ज्याला न येण्याची मोकळीक आहे, तो. पाऊस आला, परीक्षा आली, कंटाळा आला, तर तो घरी राहतो, आणि त्याचे कोणी काही करू शकत नाही. महापालिकेचा सफाई कामगार घरी राहिला तर त्याचा पगार कापला जातो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा किनाऱ्यावरील हे सगळे जथे थांबले. थांबणेच प्राप्त होते, त्यांस दोष नाही. पण गिरगावच्या, लालबागच्या, परळच्या गल्ल्यांतून झाडू फिरावयाचा थांबला नाही. लोक खिडक्या लावून बसले होते आणि खाली रोग्यांच्या घरांतील केर कोणी तरी उचलीत होते. हेच शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घडले होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. व्हिएगस ह्यांनी प्लेग ओळखला आणि मुंबईची माणसे हजारोंनी गाव सोडून पळू लागली. त्या वेळी पालिकेच्या अधिकाऱ्यांस सर्वांत मोठी धास्ती पडली ती अशी की, मैला वाहणारे हलालखोरही निघून गेले तर शहरात राहणेच अशक्य होईल. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन ह्यांनी आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांच्या नावाची संस्था परळास आजही उभी आहे, आणि ते योग्यच आहे. ज्यांनी त्या दिवसांत पाट्या वाहिल्या, त्यांपैकी एकाचेही नाव कोणत्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आमच्या तरी पाहण्यात नाही.

ह्या दोन चाळींच्या मधल्या चिंचोळ्या जागेस मुंबईत घरगल्ली म्हणतात. पूर्वी पाट्या वाहणारे तेथूनच जात येत. आता पाट्या गेल्या, घरगल्ली राहिली. वरच्या मजल्यांवरून लोक अजून तीत उष्टे, केर, काय वाटेल ते सोडून देतात. आत शिरले म्हणजे आकाश एका पट्टीएवढे दिसते आणि वरून केव्हा काय पडेल ह्याचा नेम नसतो. तेथे तस्वीर काढण्याजोगे काही नाही. चौपाटीवर झाडू घेतलेल्या माणसाच्या मागे सूर्य उगवतो की मावळतो, घरगल्लीत मात्र पाठीमागे सांडपाण्याचा नळ असतो. २ ऑक्टोबर २०१४ पासून देशात स्वच्छतेची मोठी मोहीम चालली, तेव्हा पुढाऱ्यांनी ठिकठिकाणी झाडू हाती धरल्याच्या तस्विरी वृत्तपत्रांतून आल्या. घरगल्लीतील तस्वीर त्यांत आमच्या पाहण्यात आली नाही. कोणी पाहिली असल्यास आनंदच आहे.

दादरच्या चौपाटीवर त्या सकाळी पालिकेच्या कामावरील एक बाई पोती गाडीकडे ओढीत होती. आम्ही तिला विचारले, "बाई, ही मुले येतात त्याने तुम्हांस बरे वाटते का?" ती म्हणाली, "चांगली पोरं आहेत, भाऊ. आमच्याशी बोलतात, पाणी देतात." मग थोडे थांबून म्हणाली, "पण ती गेल्यावर लोक म्हणतात, बघा पोरांनी कसं चकाचक केलं. आम्ही रोज काय करतो मग?" आम्हांस उत्तर सुचले नाही.

तिचे म्हणणे केवळ मानापानाचे नव्हे. ज्या कामास वाहवा मिळते आणि वेतन मिळत नाही, ते काम वेतनावर करणाऱ्याच्या मुळावर येऊ शकते. फुकट करणारे आहेत तर पगारी कशाला, असे म्हणणारा हिशेबनीस कोठेही जन्मास येतो. मुंबईत कंत्राटावर राबणाऱ्या सुमारे २,७०० सफाई कामगारांस कायम करावे, हा निवाडा सर्वोच्च न्यायालयात टिकण्यास एप्रिल २०१७ उजाडला. तोपर्यंत ते संघ करून वर्षानुवर्षे भांडत होते. हाताने मैला उपसण्यावर १९९३ मध्ये कायदा झाला, तो अपुरा पडला म्हणून २०१३ मध्ये दुसरा झाला, आणि तरी गटारात गुदमरून माणसे मेल्याचे वर्तमान अजून येते. सकाळी दोन तास वाळू वेचणाऱ्या तरुणाने ह्या भांडणात कोणाच्या बाजूस उभे राहावयाचे हे ठरविले नसेल, तर त्याचे वेचणे अर्धेच झाले असे आम्ही समजतो. त्या बाईचे नाव त्यास ठाऊक आहे काय? तिला हातमोजे मिळतात काय? तिची चौकी गळते काय? हे विचारण्यास झाडू लागत नाही.

गिरगावची गोष्ट थोडी निराळी आहे. अनंत चतुर्दशीस लालबाग-परळकडील मोठमोठ्या मूर्ती रात्रभर वाजतगाजत गिरगाव चौपाटीवर येतात आणि दुसऱ्या दिवशी वाळूवर भंगलेले हात, मुकुटांचे तुकडे, निर्माल्य पसरलेले असते. विद्यार्थ्यांचे जथे सकाळीच येऊन ते उचलतात. आमचा धर्म निराळा. परंतु ज्यापुढे काल कोणी हात जोडले होते ते आज पायदळी पडू नये म्हणून दोन्ही हातांनी उचलून बाजूस ठेवणाऱ्या मुलांविषयी आम्हांस आदरच वाटतो. आणि येथे एक गोष्ट चांगली घडते. ज्यांचा सण, त्यांचीच मुले मागचे आवरावयास येतात. दादरच्या वाळूवर येणारा केर कोणाचा, हे सांगता येत नाही, गिरगावचा येतो.

गाडगेबाबांचा विषय काढल्यावाचून महाराष्ट्रात ह्या प्रश्नावर लिहिताच येत नाही. शेंडगावी १८७६ मध्ये परिटाच्या घरी जन्मलेला हा अक्षरशत्रू मनुष्य गावात शिरला की कोणास न विचारता रस्ता झाडू लागे. गाव जमा होई. आणि मग रात्रीच्या कीर्तनात तो त्याच गावास प्रश्न विचारून विचारून लाजवी. दादरास त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेण्यास खेड्यापाड्यांतून आलेली माणसे तेथे उतरतात, आणि आमच्या वाचकांपैकीही काहींनी तेथे रात्री काढल्या असतील. पण बाबांच्या झाडूविषयी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ते गावासाठी झाडीत नसत, गावाला झाडावयास लावीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली, ह्यावरून झाडू नंतर काय यावे असे त्यांस वाटत होते ते दिसते. बाबासाहेब गेल्यावर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, तेही गेले. एकाने झाडू टाकावयास सांगितले, एकाने हाती घेतला; दोघांचे एकमेकांशी वैर नव्हते.

पत्रात एक पुरवणी आहे: मुंबईत हे काम बहुधा रविवारीच चालते, मग उपासनेचे काय? ह्याचे उत्तर लहान आहे. भरती पंचांगाप्रमाणे येते, देवळाची घंटा ठरल्या वेळी होते. ज्यास दोन्ही करावयाचे आहे त्याने लवकर उठावे. कामाच्या दिवशी खाडा होतो म्हणून देवाचा दिवस धरावयाचा, हे मात्र आम्हांस पसंत नाही, आणि नातवास आम्ही तसे कळविले आहे. त्याने उत्तर अजून दिलेले नाही.

आता शिक्षकबंधूंच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. दादरास नातू चुकला नाही. तेथे झाडू धरणाऱ्यास कोणी 'तुझी जात कोणती' असे विचारीत नाही, आणि शेजारी वाकलेला मनुष्य कोणाचाही असू शकतो. परंतु दादर हे आपले गाव नव्हे. आपल्या गावात, आपल्याच वस्तीतील दहा मुले झाडू घेऊन बाजारतळावर गेली, तर चावडीवर बसलेली माणसे काय म्हणतील, हे आजोबांस पक्के ठाऊक आहे. "अरे वा, पुन्हा लागले का कामाला!" हे शब्द ते आधीच ऐकत आहेत, आणि आमच्या मते ते बरोबर ऐकत आहेत. जे मुंबईच्या वाळूवर कुलूप हलविणारे ठरते, तेच गावच्या बाजारतळावर कुलूप पुन्हा लावणारे ठरू शकते. तेव्हा आजोबांचा अडथळा मुलांनी मोडून काढू नये, असे आमचे मत आहे. ज्यास झाडू धरावयाचा नाही त्याला भित्रा वा गर्विष्ठ म्हणण्याची मंडळीत कोणास परवानगी नसावी.

ह्याचा अर्थ ओढा तसाच कुजू द्यावा असा नाही. त्याचे पाणी आपल्याही बायामुली नेतात. शिक्षकबंधूंनी मुलांस घेऊन प्रथम ग्रामपंचायतीत जावे, आणि दिवस ठरवून मागावा. बाजारतळावर दुकाने लावणाऱ्या सर्वांच्या घरून एकेक मनुष्य यावा, असे लेखी सांगावे. पंचायतीकडे जो कोणी पगारावर सफाईचे काम करतो त्यास त्या दिवशी सुटी, पगारासह, द्यावी. आणि सरपंचांनी पहिला झाडू मारावा, तस्वीर काढावयाची नसली तरीही. इतके जमले तर आजोबांस ओट्यावर खुर्ची टाकून बसवावे, त्यांच्या हाती काही देऊ नये. जमले नाही, केवळ आपल्याच बाजूची माणसे आली, तर त्या दिवशी झाडू कोपऱ्यात ठेवून सर्वांनी घरी जावे, ओढा आणखी आठ दिवस घाण राहिला तरी चालेल.

शिक्षकबंधूंनी काय झाले ते आम्हांस कळवावे. किती पोती निघाली हे लिहिले नाही तरी हरकत नाही. वरच्या आळीतून कोण कोण खाली उतरले, तेवढे अवश्य लिहावे.